जुन्या डेस्कटॉपला जादा पंखा: आधी झाकण काढून बघा, मग पंखा आणा

एप्रिल लागला की ठाण्यात काय नि नवी मुंबईत काय, जुने डेस्कटॉप कुरकुरायला लागतात. दुपारी खोलीतच ३३-३४ अंश, वर दमटपणा. प्रोसेसरचा पंखा घोंघावत राहतो, मशीन मधेच अडखळतं, कधी आपणहून बंद पडतं. मग घरातलं कुणीतरी सुचवतं, "एक पंखा वाढवून टाकू या ना." सल्ला वाईट नाही. पण जादा पंखा एकच दुखणं बरं करतो: पेटीत, म्हणजे कॅबिनेटमध्ये, कोंडलेली गरम हवा. दुखणं दुसरं असेल तर पैसे जातील, आवाज वाढेल आणि मशीन होतं तितकंच तापेल. म्हणून या लेखात पंखा बसवण्याइतकीच जागा तो बसवायचा की नाही हे ठरवण्याला दिली आहे.

डोळ्यांपुढे आहे ते असेंबल केलेलं टॉवर मशीन: २००६ नंतरचं कोअर टू ड्युओ, किंवा त्यापुढच्या आय३-आय५ च्या पहिल्या चार पिढ्या, किंवा त्याच काळातलं एएमडीचं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तरी अशी मशीनं घराघरांत चालू आहेत. कुणी त्यावर लिनक्स टाकलंय, कुणी मुलांच्या अभ्यासाला ठेवलंय, कुणाचं टॅली अजून त्यावरच आहे. नवं मशीन घेण्याआधी काही रुपयांत त्याचं आयुष्य वाढत असेल तर प्रयत्न करायला हरकत नाही.

आधी मोजा

तापमान दाखवणारे प्रोग्रॅम लागतील: विंडोजवर एचडब्ल्यूमॉनिटर किंवा कोअर टेम्प, लिनक्सवर एलएम-सेन्सर्स. हार्ड डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो. हे सगळं फुकट मिळतं. कागदावर चार आकडे लिहा: खोलीचं तापमान, मशीन नुसतं चालू असतानाचं प्रोसेसरचं तापमान, अर्धा तास भरपूर काम दिल्यावरचं तापमान आणि त्याच वेळचं हार्ड डिस्कचं. भरपूर काम म्हणजे एखादा मोठा व्हिडिओ एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात बदलायला लावा. प्राइम९५ सारखी, प्रोसेसरला पूर्ण ताण देणारी चाचणी जुन्या कूलरवर (प्रोसेसरवरचा धातूचा ठोकळा आणि पंखा) फार क्रूर ठरते. रोजच्या वापरात तेवढा ताण कधी येतच नाही, त्यामुळे तिचा आकडा बघून उगाच घाबरायला होतं.

आकडे कसे वाचायचे? इंटेलच्या त्या पिढ्यांतले बरेच प्रोसेसर साधारण १०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कापतात. भर कामात ८० च्या आत असाल तर ठीक, ९० च्या वर जात असाल तर काहीतरी करायला हवं. एएमडीच्या त्या काळातल्या अनेक प्रोसेसरांची मर्यादा याहून बरीच खाली, साठ-सत्तरच्या घरात आहे, तेव्हा तिथे ८० ला निवांत राहू नका. हार्ड डिस्कवर बहुतेक कंपन्या कमाल ६० अंश लिहितात. मी ४५ च्या आत ठेवायचा प्रयत्न करतो, आणि ५० दिसले की आधी बॅकअप घेतो.

आता खरी चाचणी. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढा, उघड्या मशीनला तेच काम तेवढाच वेळ द्या आणि पुन्हा आकडे लिहा. खोलीचा पंखा आधी बंद असेल तर आताही बंदच ठेवा, नाहीतर तुलना फुकट. तापमान पाच अंश किंवा जास्त उतरलं, तर हवा कोंडत होती आणि हा लेख तुमच्यासाठीच आहे. फरक एखाद-दोन अंशांचाच पडला, तर जादा पंखा आणू नका. दोष प्रोसेसरच्या कूलरमध्ये, त्याच्या वाळलेल्या थर्मल पेस्टमध्ये (प्रोसेसरची उष्णता कूलरला पोचवणारा मधला लेप) किंवा कूलरच्या पात्यांमध्ये साठलेल्या धुळीत आहे.

तिसरी एक शक्यता असते. मशीन चालू केल्या केल्या, काही सेकंदांतच आकडा ९० च्या वर उडी मारतो. याचा अर्थ कूलर प्रोसेसरला नीट टेकलेलाच नाही. २००४ मध्ये आलेल्या एलजीए ७७५ सॉकेटपासून (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) इंटेलचे सोबत येणारे कूलर चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर बसतात, आणि त्यातली एखादी खुंटी वर आलेली असणं हे जुन्या मशीनचं नेहमीचं दुखणं आहे. बोटाने चारही हलवून बघा. एक जरी सैल लागली तरी कूलर काढून, जुनी पेस्ट पुसून, तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावून, खुंट्या समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या जोडीने दाबून बसवा. प्रत्येक खुंटीचा 'टक' असा आवाज यायला हवा.

मशीन ठेवलंय कुठे?

बाजारात मिळणाऱ्या कॉम्प्युटर टेबलांना खाली एक खण असतो: तीन बाजूंनी प्लायवूड, मागे भिंत, पुढे कधी कधी दारसुद्धा. वन बीएचकेमध्ये तो खण फार सोयीचा वाटतो, पण मागून निघालेली गरम हवा भिंतीवर आपटून खणातच फिरते आणि पुढून परत आत जाते. अशा खणात तुम्ही चार पंखे लावलेत तरी ते तीच हवा घुसळत बसतील. कॅबिनेट बाहेर काढा, मागे निदान वीतभर जागा सोडा आणि पुन्हा मोजा. कित्येकदा काम इथेच संपतं. जमिनीवर ठेवायचं झालं तर खाली छोटा पाट किंवा स्टँड द्या. केरसुणीची सगळी धूळ जमिनीलगतच उडते.

स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलेल्या मशीनची गोष्ट वेगळी. तिथली धूळ फोडणीच्या वाफेने चिकट होते आणि फुंकरीने हलत नाही.

साफसफाई, पण नीट

घोडबंदर रोडवर वर्षानुवर्षं चाललेलं मेट्रो ४ चं आणि इमारतींचं बांधकाम, पलीकडे ठाणे-बेलापूर रस्त्याची ट्रकांची वर्दळ. दोन्हीकडच्या घरांत कॅबिनेट उघडलं की राखाडी गालिचा निघतो. पंखा विकत घ्यायच्या आधी हा काढा.

मशीन बंद करा, भिंतीवरचं बटण बंद करा, मागची पॉवर केबल उपसून काढा. यूपीएस असेल तर तोही बंद, कारण भिंतीचं बटण बंद असलं तरी त्याच्या बॅटरीतून वीज येत राहते. मग कॅबिनेटचं पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला स्पर्श करा. पावसाळ्यात अंगावर स्थिर वीज सहसा साठत नाही, पण डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या दिवसांत सिंथेटिक कपडे घालून रॅमला हात लावू नये.

गॅलरीत नेऊन, रंगाचा कोरा मऊ ब्रश आणि हाताचा ब्लोअर घेऊन कामाला लागा. ब्लोअर मारताना प्रत्येक पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने ते त्याच्या नेहमीच्या वेगापेक्षा कितीतरी जास्त फिरतं आणि बेअरिंग खराब होतं. चिकट धुळीला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस लागतो. घरचा व्हॅक्यूम क्लीनर थेट मदरबोर्डवर फिरवू नका. त्याच्या प्लॅस्टिकच्या नळीत स्थिर वीज तयार होते.

एसएमपीएस, म्हणजे सगळ्या मशीनला वीज पुरवणारा डबा, मात्र उघडायचा नाही. त्याच्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही धोकादायक विद्युतदाब राहू शकतो. बाहेरून ब्रश आणि हवा, बस्स.

साफ करता करता मदरबोर्डवरचे उभे दंडगोल कपॅसिटर बघून घ्या. माथा सपाट असायला हवा. फुगलेला असेल किंवा तपकिरी चिकट पदार्थ आला असेल, तर मशीन बंद पडण्याचं कारण बहुधा तेच आहे आणि पंख्याने ते बरं होणार नाही. उलट सगळे शाबूत असतील तर त्यांना थंड ठेवण्यात मोठा फायदा आहे. अशा कपॅसिटरचा साधारण हिशेब असा की तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य जवळपास दुप्पट होतं. प्रोसेसर ७५ वर खूश असला तरी त्याच्या शेजारच्या बोर्डाला पेटीतली हवा थंड हवीच असते.

हवा कुठून येते, कुठे जाते

जुन्या टॉवरमध्ये एसएमपीएस वरती मागे असतो आणि त्याचाच पंखा पेटीतली गरम हवा बाहेर टाकतो. बऱ्याच स्वस्त कॅबिनेटांत बाहेर टाकणारं एवढं एकच यंत्र असतं. पुढच्या प्लॅस्टिकच्या मुखवट्याला खाली एक बारीक फट, हवा तिथून आत. बाजूच्या झाकणावर जाळी आणि आत प्रोसेसरकडे तोंड केलेलं प्लॅस्टिकचं नरसाळं असेल तर ते काढून फेकू नका. प्रोसेसरच्या पंख्याला बाहेरची ताजी हवा मिळावी म्हणूनच ते दिलेलं असतं.

पहिला जादा पंखा कुठे लावायचा? मागे, एसएमपीएसच्या खाली, हवा बाहेर फेकणारा. पुढे आत ओढणारा लावण्याचा मोह होतो, कारण ताजी हवा आत घेणं बरोबर वाटतं. पण संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये ठाण्याला चढायचं तर आधी कुणीतरी उतरावं लागतं. मागून हवा निघाली की पुढच्या फटीतून ती आपोआप आत येते. शिवाय प्रोसेसर मागच्या बाजूलाच असतो, त्याची गरम हवा पेटीभर पसरण्याआधीच बाहेर पडते.

याला एक अपवाद आहे. प्रोसेसर ठीक आणि हार्ड डिस्क ५० च्या पुढे, अशी मोजणी आली असेल तर पुढचा पंखा आधी लावा, डिस्कच्या पिंजऱ्यासमोर, हवा आत ओढणारा. दोन-तीन डिस्क एकावर एक रचलेल्या असतील तर एक खण सोडून बसवणं याहूनही सोपं.

मागच्या बाजूला हवा आत ओढणारा पंखा मात्र कधीच नको. एसएमपीएसने नुकतीच बाहेर टाकलेली हवा तो चार बोटांवरून परत आत घेईल.

किती पंखे पुरे, याचाही हिशेब आहे. पेटीतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा किती अंश गरम राहील हे काढायला, आत खर्च होणारे वॅट गुणिले १.७६, भागिले हवेचा प्रवाह मिनिटाला घनफुटांत, म्हणजे पंख्याच्या खोक्यावर सीएफएम म्हणून लिहिलेला आकडा. समजा काम करताना मशीन १२० वॅट खातं आणि जेमतेम २० सीएफएम हवा वाहते. पेटी खोलीपेक्षा साडेदहा अंश गरम. एक पंखा वाढवून प्रवाह ४० केला, तर फरक सव्वापाच अंश. आणखी एक लावून ६० केला, तर साडेतीन. पहिल्या पंख्याने पाच अंश मिळाले, दुसऱ्याने पावणेदोन. खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो, जाळी आणि केबलींमधून प्रत्यक्षात बराच कमी मिळतो, पण प्रमाण तेच राहतं. म्हणून साध्या घरगुती मशीनला एक पंखा मागे आणि फार तर एक पुढे. त्याहून जास्त ते सगळे शोभेचे.

याच सूत्रात दुसरी गोष्टही दडलेली आहे. कितीही पंखे लावले तरी पेटी खोलीपेक्षा थंड होणार नाही. मे महिन्यात खोली ३५ ला असेल तर सुरुवातच ३५ पासून.

खरेदी

आधी कॅबिनेटच्या मागे पंख्याची जाळी आणि चार भोकं शोधा. शाळेच्या पट्टीने शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर मोजा. ७१.५ मिलिमीटर आलं तर ८० चा पंखा, ८२.५ ला ९२ चा, १०५ ला १२० चा, १२४.५ ला १४० चा. जुन्या कॅबिनेटांत ८० आणि ९२ बरेच दिसतात आणि तिथे १२० चा बसवण्याचा हट्ट चालत नाही. काही जाळ्यांना मात्र दोन मापांची भोकं असतात. तिथे मोठाच घ्या: तेवढीच हवा तो कमी वेगाने, म्हणजे कमी आवाजात ढकलतो. पंख्याचा वेग दुप्पट केला की आवाज साधारण १५ डेसिबलने चढतो, त्यामुळे छोटा पंखा जोरात पळवण्यात मजा नाही.

जाडी बहुधा २५ मिलिमीटर असते. तेवढी जागा आत मोकळी आहे का, प्रोसेसरचा कूलर किंवा पुढे हार्ड डिस्कच्या वायरी आड येतात का, ते पट्टीनेच बघा.

मग मदरबोर्डवर मोकळी पिन, म्हणजे पंखा जोडायचा पिनांचा संच, शोधा. सीपीयू फॅन असं लिहिलेली सोडून द्या. सिस फॅन, चा फॅन किंवा पीडब्ल्यूआर फॅन लिहिलेली तीन किंवा चार पिनांची जागा हवी. चार पिनांचा पंखा तीन पिनांवर बसतो, तीनांचा चारांवर बसतो, प्लॅस्टिकची खाच जुळली की झालं. एकही मोकळी नसेल तर एसएमपीएसच्या मोलेक्स वायरीवर (चार पिनांचा जुना मोठा प्लग) चालणारा पंखा किंवा जोडणारी छोटी वायर मागा.

बेअरिंगबद्दल एवढंच: स्लीव्ह बेअरिंग स्वस्त, पण गरम पेटीत त्यातलं तेल लवकर वाळतं आणि वर्ष-दोन वर्षांत घरघर सुरू होऊ शकते. आडवा, म्हणजे पेटीच्या छताला लावायचा असेल तर तो नकोच. फ्लुइड किंवा रायफल बेअरिंगला थोडे पैसे जास्त पडतात, ते द्यावेत. रंगीत दिव्यांना देऊ नयेत.

एका पंख्यासाठी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडचा संगणक-सामानाचा बाजार गाठण्याची गरज नाही. १२० चा पंखा ठाण्यात किंवा वाशीत संगणकाच्या कुठल्याही बऱ्या दुकानात मिळतो. ८० किंवा ९२ चा चांगला हवा असेल, किंवा बाकी सामानही घ्यायचं असेल, तर मात्र लॅमिंग्टन रोडची चक्कर सार्थकी लागते. रविवार टाळा, बहुतेक दुकानं बंद असतात. जुना पंखा काढलेला असेल तर तोच खिशात घालून न्या. दुकानदाराला माप समजावण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग तोच.

बसवणं

फिलिप्सचा दोन नंबरचा स्क्रू ड्रायव्हर, चार-सहा केबल टाय, टॉर्च. वीज पुन्हा पूर्ण तोडलेली असल्याची खात्री करा आणि कॅबिनेट टेबलावर आडवं ठेवा, मदरबोर्ड खाली येईल असं.

पंख्याची दिशा ओळखा. चौकटीच्या कडेवर दोन बाण असतात, एक पात्यांची फिरण्याची दिशा दाखवतो, दुसरा हवेची. बाण नसतील तर मधल्या मोटरीवर स्टिकर आणि तिला धरून ठेवणाऱ्या काड्या ज्या बाजूला, त्या बाजूने हवा बाहेर पडते. मागच्या पंख्याचा स्टिकर भिंतीकडे, पुढच्या पंख्याचा स्टिकर पेटीच्या आत. याच ठिकाणी सगळ्यात जास्त पंखे उलटे बसतात.

पंखा आतून जाळीला टेकवा. वायर निघते तो कोपरा मोकळ्या पिनेच्या जवळ येईल असा फिरवून घ्या. स्क्रू बाहेरून लागतात. पंख्यासोबत आलेले जाड, खरखरीत आट्यांचे तेच स्क्रू वापरा. ते प्लॅस्टिकमध्ये स्वतःच आटे पाडत जातात, म्हणून पहिल्यांदा जोर लागतो. हार्ड डिस्कचे बारीक स्क्रू इथे धरत नाहीत. चारही अर्धे लावा, मग तिरक्या जोडीने घट्ट करा, आणि पंखा हलायचा थांबला की थांबा. त्यापुढे चौकटीला तडा जातो.

जुन्या पातळ पत्र्याच्या कॅबिनेटांत पंखा लागला की अख्खा पत्रा गुणगुणायला लागतो. त्यावर पंख्यासाठी मिळणाऱ्या रबरी खुंट्या आहेत. नाही मिळाल्या तर सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार चौकोनी तुकडे कापून, मध्ये भोक पाडून, पत्रा आणि पंख्यामध्ये ठेवा. दिसायला भिकार, कामाला उत्तम.

पुढचा पंखा लावायचा तर आधी प्लॅस्टिकचा मुखवटा काढावा लागतो. तो आतून सहा-आठ खिट्ट्यांवर अडकलेला असतो. खालच्या कडेला बोटं घालून ओढण्याआधी आत बघा: पॉवर बटण आणि दिव्यांच्या वायरी मुखवट्यालाच चिकटलेल्या असतील तर जोरात ओढल्यावर त्या मदरबोर्डवरून उपटून येतात आणि मग कुठली वायर कुठे होती हे शोधत बसावं लागतं. मोबाइलवर आधी फोटो काढून ठेवा.

आत असतानाच केबली आवरा. जुन्या मशीनमधली आयडीईची, म्हणजे जुन्या ड्राइव्हना जोडणारी, रुंद चपटी पट्टी तर हवेच्या वाटेत पडद्यासारखी लटकते. तिची घडी घालून ड्राइव्हच्या कडेला बांधा. डीव्हीडी ड्राइव्ह वापरातच नसेल तर त्याची केबल काढूनच टाका.

वीज

मदरबोर्डच्या पिनेवर जोडायचं तर खाच जुळवून हळूच दाबा, झालं. तीन पिनांच्या पंख्यात साधारणपणे काळी वायर ऋण, लाल १२ व्होल्ट आणि पिवळी वेग कळवणारी. चार पिनांच्या नेहमीच्या रंगसंगतीत काळी ऋण, पिवळी १२ व्होल्ट, हिरवी वेग कळवणारी, निळी वेग ठरवणारी. रंग कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे भरवसा खाचेवर ठेवा.

बोर्डाची एक पिन साधारण एक अँपिअरपर्यंत वीज देते. घरगुती पंखा ०.१५ ते ०.३ अँपिअर घेतो, आकडा स्टिकरवर असतो. एका पिनेवर दुभाजक वायर लावून दोन पंखे चालतात. तीन-चार लावून जुन्या बोर्डाची परीक्षा बघू नका.

मोलेक्सवर पंखा कायम पूर्ण वेगाने पळतो. मोलेक्समध्ये पिवळी १२ व्होल्टची, लाल ५ ची, मधल्या दोन काळ्या ऋण. पंख्याची धन वायर पिवळीसमोर येतेय ना, तेवढं बघा. प्लगची दोन टोकं गोलसर कापलेली असतात, उलटं बसणार नाही. पण आतल्या धातूच्या पिना सैल असतात आणि दाबताना मागे सरकतात, म्हणून वायर मागून धरून दाबा. काही जण पिवळी आणि लाल यांच्यामध्ये पंखा जोडून ७ व्होल्टवर हळू पळवतात. चालतो, पण पंख्यात कधी शॉर्ट झाला तर १२ व्होल्ट थेट ५ च्या वाटेवर घुसतात आणि त्या वाटेवर हार्ड डिस्क बसलेली असते. आवाजच कमी करायचा तर बाजारात मिळणारी रोधक बसवलेली छोटी वायर घ्या.

आता झाकण न लावता मशीन सुरू करा. पंखा फिरतोय का, कुठली वायर पात्याला घासतेय का, ते कान देऊन ऐका. मग झाकण लावा आणि उदबत्ती पेटवून कॅबिनेटच्या बाहेर, पुढच्या फटीजवळ धरा. धूर आत खेचला जायला हवा, मागच्या जाळीपाशी बाहेर ढकलला जायला हवा. राख आत पडू देऊ नका. दिशा चुकली असेल तर इथे लगेच कळतं.

बायोसमध्ये

बायोस म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीचा मदरबोर्डचा सेटिंगचा पडदा. मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून आत जा. असुसच्या बोर्डावर क्यू-फॅन, गिगाबाइटवर स्मार्ट फॅन अशा नावाने पंख्याचा वेग ठरवण्याची सोय सापडेल. तीन पिनांचा पंखा असेल तर व्होल्टेज किंवा डीसी, चारांचा असेल तर पीडब्ल्यूएम निवडा. कित्येक जुन्या बोर्डांवर प्रोसेसरखेरीज बाकी पिनांना वेग बदलण्याची सोयच नसते, पंखा पूर्ण वेगाने पळत राहतो. म्हणूनच खरेदी करताना मिनिटाला १२०० फेऱ्यांच्या आसपासचा १२० चा पंखा घ्यावा. तो पूर्ण वेगातही सहन होतो. दर वेळी सुरू होताना पंख्याचा वेग कमी असल्याची सूचना येत असेल, तर त्या नव्या पिनेपुरती ती बंद करा. प्रोसेसरच्या पंख्याची सूचना कधीही बंद करू नका.

ब्रँडेड मशीन आणि भोकंच नसलेली पेटी

डेल, एचपीच्या जुन्या ऑफिस मशीनांत गंमत असते. पंख्याचे प्लग कधी पाच पिनांचे, कधी वेगळ्याच क्रमाचे, आणि एसएमपीएसवर मोलेक्स नसतो. अशा वेळी मूळ पंख्याला हात न लावता, साटाच्या पॉवर वायरीवरून (हार्ड डिस्कला वीज देणारी चपटी जोडणी) पंखा चालवणारी जोडणी घ्यावी. साटामध्येही १२ व्होल्ट असतातच. चपट्या मशीनमध्ये मात्र जागाच नसते. तिथे साफसफाई आणि नवी पेस्ट यावर समाधान मानायचं.

कॅबिनेटला भोकंच नसतील तर? पत्रा कापायचा असेल तर आधी मदरबोर्ड, एसएमपीएस, डिस्क सगळं बाहेर काढावं लागतं. लोखंडाचा एक कीस बोर्डावर पडला तर शॉर्ट. एवढा खटाटोप जुन्या मशीनसाठी करावासा मला वाटत नाही. त्याऐवजी ग्राफिक्स कार्डाखालच्या दोन-तीन रिकाम्या खाचांच्या पट्ट्या काढून, पंखा आतून केबल टायने तिथे बांधता येतो. वारा थोडा गळतो, पण काम होतं.

धूळ, पाल, झुरळ

मागे फेकणारा एकच पंखा लावला की पेटीत दाब कमी होतो आणि प्रत्येक फटीतून, डीव्हीडीच्या तोंडातूनसुद्धा, धूळ आत येते. पुढे गाळणी लावलेला आत ओढणारा पंखा असेल तर हा त्रास बराच कमी होतो. गाळणी विकत मिळते, नाहीतर खिडकीची नायलॉनची मच्छरजाळी मापाने कापून मुखवट्याच्या आतून चिकटवा. बारीक कापड लावू नका, हवाच अडेल.

काढलेल्या खाचपट्ट्यांची भोकं उघडी ठेवणं मात्र आपल्याकडे परवडत नाही. उबदार, अंधारी, कुणी न हलवणारी जागा पालीला आणि झुरळांना फार आवडते, आणि एसएमपीएसमध्ये शिरलेली पाल स्वतः मरते ती मशीन घेऊनच. उघड्या भोकांवर हीच जाळी लावा. मागच्या पंख्यावर तारेची जाळी नसेल तर तीही बसवा, लहान मुलांच्या बोटांसाठी तर नक्कीच.

पावसात बाहेरची दमट हवा आत ओढून बिघाड होईल का, हे बरेच जण विचारतात. चालू मशीनची पेटी खोलीपेक्षा गरम असते, त्यामुळे आत पाणी धरत नाही. त्रास बंद मशीनला होतो. जुलै-ऑगस्टमध्ये आठवडेच्या आठवडे बंद राहिलेल्या मशीनमध्ये धूळ ओल धरते आणि गंज चढतो. आठवड्यातून दोनदा तासभर चालू ठेवा.

शेवटी पहिल्या दिवशीचा कागद काढा आणि त्याच कामावर, शक्यतो खोलीचं तापमान तेवढंच असताना, पुन्हा मोजा. झाकण लावून येणारा आकडा आता उघड्या झाकणाच्या जुन्या आकड्याच्या एक-दोन अंश अलीकडे-पलीकडे यायला हवा. आला तर पंख्याने आपलं काम केलं, त्याहून जास्त मागू नका. बराच वर राहिला तर आधी दिशा तपासा, मग मुखवट्याच्या खालची फट पुरेशी उघडी आहे का ते. मुखवटा काढून मोजल्यावर आकडा धाडकन उतरला तर फट अपुरी आहे. वापरात नसलेल्या ड्राइव्हच्या जागेवरचं प्लॅस्टिकचं झाकण काढून तिथे जाळी लावा. गाळणी महिन्यातून एकदा धुवा, बांधकामाशेजारी राहत असाल तर पंधरा दिवसांनी, आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत लावू नका. पावसाळ्यात त्याला एक अख्खी रात्र लागते, म्हणून दोन गाळण्या कापून ठेवलेल्या बऱ्या.